दातांनी ऐकणारे मामू

मामू कानांनी ऐकायचे ते मशिदीची बांग आणि बायकोच्या शिव्या. धनुष्याची दोरी मात्र ते दातांनी ऐकत. एक टोक बाभळीच्या खुंट्याला बांधायचं, दुसरं पुढच्या दातांत घट्ट धरायचं, डोळे मिटायचे आणि बोटानं एकदा छेडायचं. मान हलली तर दोरी गिऱ्हाइकाला. नाही हलली तर विळ्यानं तिथल्या तिथे दोन तुकडे. मग कुणी कितीही रदबदली करो, मामू ढिम्म.

मामू जातीनं पिंजारी. कापूस पिंजायच्या कमानीला आतड्याची तात लागते, ती ते घरीच वळत. तीच जरा जाड वळून आमच्या धनगरांना धनुष्यासाठी देत. निजाम सरकारात बंदुकीचा परवाना पाटला-देशमुखांना. पाली गावाच्या वरच्या डोंगरात मेंढरं राखणाऱ्याला धनुष्यच. आमच्याकडे मेंढरू कापलं की आतडी धुऊन मामूंकडे पोचवायचं काम माझं, कारण सासूबाईंना किळस यायची. आतडं बांबूच्या बोथट कांबीनं खरवडायचं, ओलं असतानाच पीळ द्यायचा, खुंट्यांना ताणून सावलीत वाळवायचं, हे सगळं मी त्यांच्या अंगणात बसून शिकले. ‘उनात करपते, पावसात कुजते. तात म्हंजे नवी नवरी हाय बेटी, लई जपावं लागतं,’ असं म्हणून ते माझ्याकडे बघून हसत. नवी नवरी मीही होते, पण मला कुणी जपत वगैरे नव्हतं. म्हणूनच तिथे जीव रमायचा.

हात चालू असताना तोंडानं गोष्ट चालायची. गोष्ट एकच. कुठल्याशा किल्ल्यावर मामूंचे पूर्वज तातवाले होते. तिथले तिरंदाज म्हणे ताडासारखे आणि धनुष्यं पुरुषभर उंच. दर वेळी ती धनुष्यं वीतभर वाढायची. मी म्हणायची, ‘मामू, आता किल्ल्याचं दार उंच करा, न्हाईतर आत जायची न्हाईत.’ शत्रू दारात येतो, सगळ्यांत तगडा गडी धनुष्य कानापर्यंत ओढतो आणि तात तुटते. किल्ला जातो. इथे मामूंचं हसू मावळायचं. ‘तिरंदाजासाठी लोक रडले. तातवाल्याचं नाव बी कुणी इचारलं न्हाई. शिव्या तेवढ्या त्याला.’

‘पण मामू, तात तुटली कावून?’

‘वळली, पण ऐकली न्हाई. तात कुणीबी वळतं गं. ऐकतं कोण?’

मग मामूंचे दात पडायला लागले. गडी चेष्टा करत, ‘मामू, आता तात चोखून ऐकणार का?’ ते म्हणायचे, ‘हिरडीला बी कान हायेत बे.’ सगळे हसायचे, मीही हसायची.

त्याच वर्षी डोंगरात बिबट्या आला. आधी कुत्री गेली, मग मेंढरं, मग खळ्यावर झोपलेला एक म्हातारा गेला. त्यानंतर दातांवरची चेष्टा बंद झाली. तात न्यायला आलेला माणूस आधी मामूंच्या तोंडाकडे बघायचा, आणि मामू तोंडावर पटका धरून बोलायचे.

वाडीत नेम आमच्या मालकांचा चांगला, तेव्हा बिबट्यासाठी माळ्यावर बसायची पाळी त्यांच्यावरच आली. तात आणायला मी गेले. मामूंनी ती दातांत धरली आणि छेडली. ओठावर रक्त आलं. मान हलली. पण डोळे उघडेच होते. मला ते खटकलं.

‘मामू, मी ऐकू का?’

‘तू मेंढरं राख,’ ते म्हणाले. इतकं तुटक ते माझ्याशी कधीच बोलले नव्हते.

उन्हं कलताना मी भाकरी घेऊन डोंगरात गेले. मालक उंबरावर माळा बांधून बसले होते, तात चढवलेली होती. तेवढ्यात चढावरून मामू धापा टाकत आले. पायात वहाण नव्हती. त्यांनी मालकांना खाली बोलावलं, धनुष्य मागून घेतलं आणि काही विचारायच्या आत विळ्यानं तात तोडली.

‘मामू, येड लागलं का तुमाला? आता त्येच्यावर काय सोडू मी?’ मालक ओरडलेच.

‘सकाळी मला काई ऐकूच आलं न्हाई, लेका. मान हलवली ती लाजंनं.’ मामू खाली बसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘आतडं भिजत घातलंय. दुसरी वळतो. वाळली की हिला ऐकू दे. हिचे दात चांगले हायेत.’

पुढे वाडीच्या सगळ्या ताती मीच ऐकल्या, त्या या एका वाक्यावर.

मालक म्हणाले, ‘थांबा, मेंढरं गोळा करतो, संगट उतरू.’ पण मामूंना घाई होती. ते ओढ्याच्या आडवाटेनं एकटेच निघाले. आम्ही मेंढरं कोंडून त्यांच्या दारात गेलो, तर पाण्यात आतडं तसंच भिजत पडलेलं आणि मामू आलेच नव्हते.

सकाळी ओढ्यात त्यांचा पटका सापडला आणि पुढे करवंदीच्या जाळीत ते. बिबट्या कुणालाच सापडला नाही. तो आपणहून दुसऱ्या डोंगराला निघून गेला.

माती देऊन आल्यावर माणसं आमच्या दारात बसली. कुणीतरी म्हणालं, ‘म्हातारा भ्याला. दातासंगट अक्कल बी गेली. तात चांगली असंल तर फुकटच मेला की.’ मालकांचा चेहरा उतरला. त्यांनी मुंडाशातून तातीचे दोन तुकडे काढले आणि माझ्यापुढे धरले.

‘तू ऐक.’

मी लांबडा तुकडा खुंट्याला बांधला, टोक दातांत धरलं, डोळे मिटले आणि छेडलं. आवाज जबड्यातून थेट डोक्यात गेला. स्वच्छ, भरीव. त्या तातीत कुठेही खोट नव्हती. मामूंच्या हातानं वळलेली इतकी चांगली तात मी पुन्हा ऐकली नाही.

डोळे उघडले तेव्हा सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, जसे मामूंच्या तोंडाकडे बघायचे.

‘किरकिरते,’ मी म्हणाले. ‘चढवली असती तर तुटली असती. मामूंना बरोबर कळलं होतं.’

आणि दुसऱ्या कुणी दातांत धरायच्या आत दोन्ही तुकडे चुलीत टाकले.