मंगळागौरीनंतरचा गुरुवार

मंगळवारी पुतणीच्या मंगळागौरीत साऱ्या जणी फुगड्या घालत होत्या. माझी बायको मात्र भिंतीला टेकून बसल्या बसल्या गाणी म्हणत होती.

"वहिनी, तुम्ही काय पाहुण्या का?" माझ्या बहिणीने टोमणा मारला.

"नाचा तुम्ही, गाणी माझ्याकडे," ती हसून म्हणाली.

तिला दीर्घ थकव्याचा आजार आहे. अंगमेहनत झाली तर त्या दिवशी काही जाणवत नाही. दुखणं एक दिवस सोडून येतं आणि आठवडाभर अंथरुणाला खिळवतं. इतरांचा समारंभ त्याच रात्री आटोपतो. आमचा आटोपला की नाही, ते तिसऱ्या दिवशी कळतं.

आज सकाळी डोळे उघडायचा मला धीर होईना. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, किती लोळताय? चहा निवला!"

तो निवलेला चहा मी मिटक्या मारत प्यायलो.