ओर्तांसची न उघडलेली बॅग

कॅमेरूनहून इथे बेल्जियमला, लिएज शहरात येणारी आमची माणसं आधी माझ्याच घरी उतरतात. कोण टिकणार, कोण परत जाणार, हे मी जिन्यावरच्या पावलांवरून सांगते. ओर्तांसच्या बाबतीत मात्र साफ चुकले. मला वाटलं, ही महिनाभरात रडत परत जाणार.

बाई निघाली कामाला वाघ. वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळी घालायची, वर त्यांना हसवून यायची. तोंडाने फटकळ. फक्त तिची भली मोठी बॅग पट्टा आवळून पलंगाशी उभी असायची आणि ती काही केल्या उघडायची नाही. कपड्यांचे दोन जोड, तेच धुऊन धुऊन घालायची.

"अगं, कपाट दिलंय ना तुला? त्यात काय भुतं राहतात?"

"कार्ड येऊ दे मावशी, मग बघू."

कार्ड म्हणजे इथे राहायचा परवाना. तो हातात पडला की तिला लेकीला, प्रिस्काला, बोलावून घेता येणार होतं. पोरगी तिकडे कॅमेरूनमध्येच, बाफूसामला ओर्तांसच्या बहिणीकडे होती आणि हल्ली फोनवर आईशी परक्यासारखी बोलायला लागली होती. ओर्तांसने त्याचाच धसका घेतला होता.

कार्डाआधी पोलीस घर बघून जातो. माणूस दिलेल्या पत्त्यावर खरंच राहतं का, एवढंच त्याला बघायचं असतं. आमच्या भागातला पोलीस देत्री न सांगताच आला. चादरीला सुरकुती नाही, भिंती बोडक्या, कपाट रिकामं आणि मधोमध ती बॅग.

"बाईसाहेब, तुम्ही आलाय की निघालाय?"

ओर्तांस हसली. देत्रीही हसला, पण खात्री पटली नाही असंच त्याने लिहिलं. पुन्हा एकदा येईन, म्हणाला, आणि तेव्हाही असंच दिसलं तर अर्ज फेटाळला जाईल.

तो जाताच मी तिला फैलावर घेतलं. "उघड ती बॅग! पोरीचा फोटो लाव, चपला इकडेतिकडे टाक, खरकटी भांडी ठेव! लोक पसारा घालून परवाने मिळवतात आणि तुला टापटीप सुचतेय!"

"पसरायला आहे काय? त्यात आईचा पाटा आहे."

"विमानातून दगड आणलास?"

"वजन बसेना, म्हणून कपडे काढले." मग मान खाली घालून म्हणाली, "आमच्यात आई गेली की लेकीने पाटा एकदा उचलायचा आणि एकदाच टेकवायचा. टेकवला तिथे घर. इथे टेकवला आणि यांनी हाकललं, तर प्रिस्काला कुठल्या घरी नेऊ?"

मला तिचा राग आला, तरी तिला तसं सोडवेना. मी गुपचूप माझे जुने झगे तिच्या कपाटात टांगले. ते तिने माझ्या हातात आणून दिले. "खोटं नको, मावशी."

देत्री पुन्हा आला. खोली तशीच. त्याने उसासा टाकून पेन काढलं. ओर्तांसने त्या पेनाकडे पाहिलं आणि उठून बॅगेचा पट्टा सोडला. फडक्यात गुंडाळलेला पाटा छातीशी धरून ती स्वयंपाकघरात गेली आणि फडकं सोडून तो खिडकीखाली जमिनीवर टेकवला.

"हे काय?" देत्री वाकला.

"हात लावू नका!" ती इतकी ओरडली की बिचारा दचकून मागे झाला.

"यावर वाटण वाटतात," मी म्हणाले. "आणि तो आता इथून हलत नाही."

देत्रीने दगड पाहिला, रिकामी बॅग पाहिली. "पाहुणा म्हणून येणारं माणूस हे घेऊन येत नाही," म्हणाला आणि 'इथेच राहते' असं लिहायला लागला. सही करून तो कॉफी पिऊन गेला.

ओर्तांस पाट्याशेजारीच बसून राहिली. तिथूनच तिने फोन लावला. "प्रिस्का, पाटा टेकवला गं."

 पलीकडून पोरगी म्हणाली, "मग मी उद्या शाळेत सांगून टाकू, आईकडे जातेय म्हणून?"

एरवी कुणाचं ऐकून न घेणाऱ्या बाईने फोन माझ्याकडे सरकवला आणि पाट्याचं फडकं डोळ्यांना लावलं. मी तो कानाला लावून म्हणाले, "सांग बाळा, सांगून टाक."