गिरणी सुरू व्हायच्या आधी

यशवंतमामा गेल्याची बातमी मला दुधाच्या टेंपोवाल्याने दिली. मी कर्जतच्या बाजारात पत्रकांचा गठ्ठा सायकलला बांधत होतो. रसायनीच्या कंत्राटी कामगारांसाठी काढलेलं पत्रक होतं. टेंपो शेजारी येऊन थांबला आणि कडावचा तो ड्रायव्हर खाली न उतरताच म्हणाला, "यशवंत भोईर तुझा मामा ना रं? पाटेचा गेला. माणसं जमतायत, तू हो पुढं." मी गठ्ठा तसाच बांधलेला ठेवून कडावला गेलो. मामाच्या अंत्यविधीला माझ्या सायकलवर पत्रकं होती, याची काही नातेवाइकांनी नंतर कुजबूज केली. मामाला त्यात वावगं वाटलं नसतं. माझं प्रत्येक पत्रक तो शेवटपर्यंत वाचायचा आणि प्रत्येकाला त्याचा एकच शेरा असायचा : "लांब झालंय."

मामा खालापूर तालुक्यात रसायनीच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होता. कडावहून कर्जत, तिथून एसटीने चौक, चौकातून कंपनीची बस, असा त्याचा नोकरीभराचा रस्ता. कारखाना उभारायला साठच्या दशकात परदेशी इंजिनीअर आले होते. काम संपल्यावर ते जायला निघाले तेव्हा त्यांच्या बंगल्यांतलं सामान विकायला काढलं गेलं. पंखे, खुर्च्या, काचेची भांडी हातोहात गेली. एक रेकॉर्ड-प्लेअर आणि रेकॉर्डींचं एक खोकं मागे राहिलं, कारण कुणीतरी त्यातली एक लावून पाहिली आणि सगळे हसत पांगले. ती जॅझची रेकॉर्ड होती, पण लग्नाच्या बँडसारखं किंवा सिनेमातल्या क्लबसारखं त्यात काही नव्हतं. चाल नाही, ठेका नाही. चार माणसं काही न ठरवता, एकमेकांचं ऐकत ऐकत वाजवतायत. ज्या इंजिनीअरचं ते होतं त्याने प्लेअरसकट खोकं मामाला देऊन टाकलं. मामाने ते घरी आणलं, ऐकलं आणि पुन्हा ऐकलं. मी विचारलं होतं एकदा, की हसायला नाही आलं का? "आलं ना," तो म्हणाला. "पन हसून झाल्यावर पन ते वाजतच हुतं."

त्यानंतर तो मुंबईला चोरबाजारात जायला लागला. बोटीवरचे खलाशी विकून टाकायचे तो माल तिथे यायचा. मामाला वादकांची नावं ठाऊक नव्हती. तो रेकॉर्ड क्षणभर लावून बघायला सांगायचा आणि दुकानदाराने "अच्छा गाना है" म्हटलं, की ती नको म्हणून परत करायचा. थोड्याच काळात दुकानदार त्याला लांबूनच ओळखायला लागला. "भोईरसेठ, आपका पागलवाला माल आया है." मी त्याच्याबरोबर गेलो होतो तेव्हा हे ऐकून मला राग आला होता, मामाला मात्र सोयीचं वाटलं. पागलवाला माल निवडून ठेवलेला असला की त्याचा वेळ वाचायचा.

कडावात या छंदाचं काय झालं असेल ते सांगायला नको. "भोईराच्या घरात कोंबडी धरलीय वाटतं" हा विनोद गावाने पुरवून पुरवून वापरला. शेजारी दामूची भातगिरणी होती. दामू म्हणायचा, "यशवंता, माझी गिरन बरी रं. ती निदान तांदूळ तरी देते." मामीने पहिली काही वर्षं कपाळाला हात लावला, मग ती स्वैपाकघरातून ऐकत कामं करू लागली. मी मात्र हसणाऱ्यांतला नव्हतो, भांडणाऱ्यांतला होतो. आमच्या घरी पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. वडील चळवळीत होते, मी अक्षरं शिकलो ती पत्रकांवर. जे चार माणसांना कळत नाही ते चार माणसांच्या उपयोगाचं नाही, हे मी त्या वयात देव मानत नसलो तरी देवासारखं मानायचो. मामाला मी ते सुनवायचो. तो ऐकून घ्यायचा आणि रेकॉर्ड उलटवायचा.

त्याची एक पद्धत होती आणि तिच्याबद्दलच मला लिहायचं आहे. कपाटाला त्याने तीन खण केले होते. वरचा बियाण्याचा, मधला खाण्याचा, खालचा कोंड्याचा. मळणी झाल्यावर आमच्याकडे भात जसं वेगळं काढतात, तशा तो रेकॉर्डी काढायचा. जी वाजताना मोठी वाटते आणि नंतर मनाच्या सुपात घोळवली की उडून जाते, ती कोंडा. जी ऐकून तृप्त वाटतं आणि तिथेच संपते, ती खाण्याची. आणि जी ऐकल्यावर दुसऱ्या दिवशी स्टोअरमध्ये बसल्या बसल्या डोक्यात भलतंच, तिच्यात नसलेलं काही वाजायला लागतं, ती बियाणं. घाईने तो कधी खण ठरवत नसे. रेकॉर्ड जमिनीवर, भिंतीला टेकवून राहायची, पुन्हा पुन्हा लागायची, मग कुठेतरी जायची. बियाण्याच्या खणात फार थोड्या होत्या.

पण त्याच्या मनाला एक घोर होता आणि तो मला माहीत होता. हे संगीत ऐकणारा दुसरा माणूस त्याने आयुष्यात पाहिला नव्हता. त्यावरचं मासिक नाही, रेडिओवर ते नाही, शहरातल्या संगीतसभांचे रसिक तर त्याला दारातही उभं करणार नव्हते. "आपन खन लावतो," तो म्हणाला होता, "पन आपल्याला सांगनारं कोन हाय, की बाबा तुझं बरोबर का चूक? का आपन नुस्तेच खेळ करतोय इतकी वर्षं..."

म्हणून मी पिंटोसरांना घेऊन गेलो. मुंबईच्या हॉटेलांतल्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवून ते कर्जतला येऊन राहिले होते, मुलांना वाजवायला शिकवत. रविवार होता. मामाने इस्त्रीचा सदरा घातला होता, मामीने तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाचं कालवण केलं होतं. जेवायच्या आधी मामाने बियाण्याच्या खणातली आपली सर्वांत लाडकी रेकॉर्ड काढली. तिच्या सुरुवातीला सॅक्सोफोन वाजवणारा माणूस चार वाक्यं बोलतो. आता आम्ही वाजवणार आहोत, काय वाजवणार ते ठरलेलं नाही, एवढंच. त्याचा आवाज खोल आणि सावकाश. मामा त्याला 'म्हातारा' म्हणायचा. बांधावर बसून बोलणाऱ्या जुन्या शेतकऱ्यासारखा तो बोलतो, म्हणायचा. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या लढ्यावर मी पत्रक लिहिलं होतं आणि हा त्यांच्यातलाच असावा असं मी धरलं होतं, त्यामुळे तो म्हातारा मलाही आपला वाटायचा.

पिंटोसर डोळे मिटून ऐकत होते. थोड्या वेळाने त्यांनी पेटीतून स्वतःचा सॅक्सोफोन काढला, हळूच एक सूर लावला, थांबले, दुसरा लावला, पुन्हा थांबले.

"भोईर, ये कौनसा सुर है?"

"यात सूर आधी ठरवत नायत, सर."

"वो ठीक है. लेकिन बाजा तो किसी सुर का होगा ना? ये बाजा दुनिया में बना ही नहीं."

"तुमचाच बाजा उतरला असंल बगा," मामा हसून म्हणाला.

पिंटोसर उत्तर देणार तेवढ्यात शेजारी दामूने जेवणासाठी गिरणी बंद केली. घरघर थांबली. डोक्यावरचा पिवळा पडलेला दिवा पांढरा झाला आणि चालू असलेली रेकॉर्ड आमच्या डोळ्यांदेखत उठून उभी राहिल्यासारखी वर चढली. सूर वर गेला, वेग वाढला. पिंटोसरांनी पुन्हा सॅक्सोफोन तोंडाला लावला आणि त्यांचा सूर तिच्यात नेमका बसला. त्यांनी बोटाने दिवा दाखवला. "बत्ती देखो, भोईर."

गिरणी चालू असली की त्या ओळीवरच्या घरांना वीज कमी मिळायची आणि प्लेअर रेंगाळायचा. मामा कामावरून येऊन संध्याकाळी ऐकायचा आणि संध्याकाळी गिरणी चालूच असायची. सिनेमाचं गाणं असतं तर गावातलं शेंबडं पोरही म्हणालं असतं, की गाणं रडतंय. पण मामाच्या घरात दुसऱ्या कसल्या रेकॉर्डी नव्हत्या आणि ज्या होत्या त्यांचा खरा वेग ओळखायला ना चाल ना ठेका. कधीमधी मध्येच गिरणी थांबून संगीत वर चढायचं तेव्हा मामाला ते त्या संगीतातच आहे असं वाटायचं. "मागल्या वेळी आपलं लक्ष नसंल, म्हनून ऐकलं नसंल, असं मी समजायचो," तो पिंटोसरांना म्हणाला. त्याने तबकडीवरून सुई उचलली. मामी भाकरीचं ताट घेऊन दारात उभी होती, ती तशीच उभी राहिली.

पिंटोसर भले माणूस. ते म्हणाले, "कान तुम्हारा अच्छा है. बिजली खराब है."

"कान चांगला असता तर बिजली कळली असती, सर," मामा म्हणाला. "बसा, जेवा."

पुढच्या रविवारी मी गेलो तो हत्यार परजून. मी त्याला म्हणालो, हे चुकीच्या वेगाने वाजलं तरी वर्षानुवर्षं कुणाला कळत नाही, म्हणजे यात कळण्यासारखं काही नाहीच. ही भोंदूगिरी आहे आणि तू तिचे खण लावत बसलास. मामा जमिनीवर बसला होता. तो शांतपणे म्हणाला, "कळलं नाय ते मला. माझी चूक त्यांच्यावर नको ढकलू." मग म्हणाला, "तुझ्या पत्रकाची ओळ छापखानेवाल्यानं उलटी लावली, तर संप खोटा व्हतो का रं?" मी जमिनीकडे पाहिलं. कपाटाचे तिन्ही खण रिकामे होते. सगळ्या रेकॉर्डी खाली उतरवून त्याने एकच रास केली होती, बियाणं, खाणं, कोंडा, सगळं एकत्र.

तेव्हा तो नोकरीतून नुकताच सुटला होता आणि त्याला दम लागायला लागला होता. गिरणी सुरू व्हायच्या आधी, सकाळच्या उजेडात, तो दिवा लावायचा, तो पांढरा आहे याची खात्री करायचा आणि मग सुई ठेवायचा. दामू दारातून ओरडायचा, "यशवंता, माझी गिरन तुझ्या गान्याची सवत झाली रं." मामा हात हलवायचा. रास हळूहळू कमी होत होती. बऱ्याच रेकॉर्डी आपल्या जुन्या खणात परत गेल्या, हे मी पाहिलं. कोंड्यातल्या काही वर आल्या. आणि मग त्या लाडक्या रेकॉर्डीची पाळी आली. मी समोर होतो. तो माणूस बोलला... चढा, धारदार, शब्दावर शब्द टाकणारा आवाज.

मामाने सुई उचलून पुन्हा ठेवली. "हा म्हातारा नाय रं," तो म्हणाला. "हा तुझ्या वयाचा हाय. आनि घाईत हाय."

रेकॉर्ड त्याने दोन्ही बाजूंनी ऐकली. त्यानंतरच्या दिवसांत पुन्हा ऐकली. आणि मग बियाण्याच्या खणात न ठेवता मधल्या, खाण्याच्या खणात ठेवली. "म्हाताऱ्यासाठी वर ठेवली हुती," एवढंच बोलला. मला वाईट वाटलं, त्याच्या चेहऱ्यावर मात्र काही नव्हतं. ज्यांना आपण रसिक म्हणतो, ज्यांच्या आवडीला एकदा किंमत आली की ती आयुष्यभर हलत नाही, अशी माणसं मी सभांतून खूप पाहिली आहेत. आमच्या चळवळीतही पाहिली आहेत. आपलं सर्वांत लाडकं मत सकाळच्या उजेडात पुन्हा तपासून एक खण खाली ठेवणारा माणूस मी एकच पाहिला.

रास संपायच्या आत मामा गेला.

दिवसपाणी झाल्यावर मुंबईचा एक व्यापारी आला. नावाजलेल्या वादकांच्या रेकॉर्डी त्याला हव्या होत्या, नावं त्याला पाठ होती. मामीने त्याला चहा दिला आणि जमिनीवरच्या राशीकडे बोट दाखवून म्हणाली, "त्या अजून ऐकायच्या हायत. ऐकून झाल्याबिगर घरातून काय हलनार नाय." व्यापाऱ्याला वाटलं, बाई भाव वाढवतेय. तो गेल्यावर मी तिला म्हणालो, मामी, कोण ऐकणार आता? तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी विचारायला नको होतं.

"मी इतकी वर्षं सैपाकघरातनं ऐकलं," ती म्हणाली. "आता फुडं बसून ऐकीन. आनि तू ये रविवारचा. एकटीनं खन लावला तर त्यो म्हनंल, अगं कुनाला तरी इचारायचं."

तेव्हापासून मी रविवारी सकाळी कडावला जातो. या संगीताबद्दलचं माझं मत मी अजून बदललेलं नाही, हे इथे स्पष्ट लिहितो. मी तिथे मामाचं काम करायला जातो. मामी पदर खोचून दिवा लावते, मान वर करून पाहते आणि सुई ठेवते. गेल्या रविवारी राशीतली जी रेकॉर्ड आली तिच्यात कुणीतरी एकटाच बासरीसारखं काही वाजवतो, मध्येच नुसता श्वास घेतो, पुन्हा वाजवतो. संपल्यावर मामी म्हणाली, "कोंडा."

बाहेर दामूने गिरणीचं दार उघडलं होतं.

"काय रं?" मामी म्हणाली. "कोंडाच ना?"

"पुन्हा लाव," मी म्हणालो, आणि दारात जाऊन दामूला हाक मारली, की जरा थांब. मोटरचा पट्टा हातात घेऊन तो तसाच भाताच्या पोत्यावर बसला.