कोरा सोडता आला असता तो रकाना

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही – घरातसुद्धा नाही. तुम्हाला तरी का सांगतेय, तेही नीटसं कळत नाहीये मला.

ग्वाल्हेरच्या एका सरकारी दवाखान्यात मी किशोरवयीन मुलांची समुपदेशक आहे. माझ्या खोलीच्या भिंतीवर पाटी आहे – ‘आपकी बात यहीं रहेगी’. मीच चिकटवली. आणि टेबलावर रजिस्टर, त्यात रकाना – वय अठराच्या आत असल्यास पालकांना कळवले का? दोन्ही सरकारीच. मग मानायचं कुठलं? दवाखान्याच्या साहेबांना विचारलं होतं. म्हणाले, ‘आप देख लीजिए.’

शलाका तेव्हा सोळा वर्षांची. दाना ओली मोहल्ल्यातली, आमच्याच मराठी मंडळातल्या घरातली. झोप लागत नाही म्हणून आली. दाराशी क्लार्क बसलेला, त्याला मराठी येत नाही, म्हणून ती मराठीत बोलायला लागली – मराठी म्हणजे आतून कडी, असं वाटलं असणार पोरीला.

‘काकू, मला मुलीच आवडतात. मी बीमार आहे का?’

मी नाही म्हटलं. तेवढं तरी खरं बोलले.

संध्याकाळी तिच्या आईला फोन करून सगळं सांगितलं.

नियमच तसा आहे – इतकी वर्षं मी मनाला हेच समजावत आले. पण गुटखा खाणाऱ्या पोरांच्या वेळी तोच रकाना मी कितीदा कोरा सोडलाय! मग तिच्याच वेळी नियम कसा आठवला? काळजी होती? की चैत्राच्या हळदीकुंकवाला तिची आई भेटेल, आणि ‘तुम्हाला ठाऊक होतं, वहिनी?’ असं चारचौघींत विचारील, याची धास्ती? कधी वाटतं, दोन्ही. नाही – धास्तीच. घाबरट आहे मी, आणि नियम आयता हाताशी होता.

तिची शाळा बंद झाली, मोबाईल काढून घेतला. दोन महिन्यांनी आई तिला घेऊन आली, जेवत नाही म्हणून. वजन सहा किलोनं उतरलेलं. आईला बाहेर बसवून मी विचारलं, ‘काय होतंय ग, सांग ना मला.’ तिनं आधी पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘कुछ नहीं मैडम. सब ठीक है.’

काकू नाही, मैडम. मराठीही नाही.

मी रजिस्टर पुढे ओढलं आणि लिहिलं – ठीक.