तुमच्या आईच्या नावाचा दगड

नातवंडांनो, त्या दिवशी तुम्ही दोघांनी ग्रुपवर फोटो टाकले आणि झोपायला गेलात. तुमच्याकडे अमेरिकेत सोमवारची रात्र झाली होती, इथे बुऱ्हाणपूरला मंगळवारची सकाळ. नंतर फोनवर आपण सगळे एकदम बोलत होतो, एकदम रडत होतो, त्यामुळे त्या सकाळी इथे काय घडलं ते तुम्हाला कुणी नीट सांगितलंच नाही. मला कुठलीही गोष्ट पहिल्यापासून आणि क्रमानेच सांगता येते. म्हणून लिहिते. तुमची आई वाचून दाखवेल. वाचताना ती मध्येच थांबली, तर तिला घाई करू नका.

मी फोन सकाळी उघडत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. अंघोळ, देवपूजा, वर्तमानपत्र आणि स्वयंपाकाची तयारी झाली की अकरा वाजता फोन. तुमचे आजोबा तर फोनला हातच लावत नाहीत. मे महिना संपत आला होता, ऊन आठ वाजताच अंगणात उतरलं होतं आणि आजोबा मागच्या ओट्यावर पातेलं घेऊन आंब्याचा रस काढत बसले होते. सव्वादहाच्या सुमाराला दार वाजलं. घंटी नाही, हाताने वाजवलं.

दारात माझी धाकटी जाऊ उभी. तुमची नेपानगरची काकूआजी. तिच्या यजमानांची सगळी नोकरी तिथल्या कागद कारखान्यात गेली, अजूनही ती दोघं तिथेच राहतात. डोक्यावरून पदर घेतलेला, डोळे सुजलेले, हातात फडक्यात बांधलेला मोठा डबा. डब्यातून पिठल्याचा वास येत होता.

आपल्याकडे ज्या घरात मृत्यू होतो तिथे त्या दिवशी चूल पेटत नाही. नातलग, शेजारी पिठलं-भाकरी घेऊन येतात. कुणाला 'या' म्हणायचं नसतं, येणाऱ्याने 'येते' म्हणून निघायचं नसतं. पण मृत्यू झालेल्या घरातलं माणूस स्वतः डबा घेऊन दुसऱ्याकडे जात नाही. त्या क्षणी एवढा विचार मला सुचला नाही. मला वाटलं, माझे धाकटे दीर गेले. मी पुढे होऊन तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, "कधी झालं गं?"

तीही मला जवळ घ्यायलाच आली होती. आम्ही दोघी एकमेकींच्या पाठीवरून हात फिरवत दारातच उभ्या.

"ताई, हे काय विचारता? तुम्हाला काहीच माहीत नाही?"

"भाऊजी कसे..."

"ते बाहेर ऑटोवाल्याला सुटे देऊन राहिले," ती म्हणाली आणि माझ्या तोंडाकडे बघत मोठ्याने रडायला लागली. "ओ माय, यांना कोणी सांगितलंच नाही हो! ताई, आपली पोरगी गेली. दोघं गेले, जावई पण."

मी खाली बसले असं ती नंतर म्हणाली. मला आठवतं ते एवढंच की फरशी गार होती.

तिने आपला फोन माझ्यापुढे धरला. तुम्ही पाठवलेले फोटो. गवत, झाडं, छोटे छोटे झेंडे, रांगेने दगड. एका फोटोत तुम्ही दोघं बादल्या आणि ब्रश घेऊन गुडघ्यांवर बसलेले, आणि तुमच्यामध्ये करड्या दगडावर, मोठ्या इंग्रजी अक्षरांत, तुमच्या आईचं नाव. शेजारी तुमच्या बाबांचं. खाली तुमचा इंग्रजी निरोप: आज आम्ही आजोबांचा, आईचा आणि बाबांचा दगड धुतला.

जाऊ म्हणाली, "गाडीचाच अपघात असणार. तुमच्या बीपीपायी सगळ्यांनी लपवलं. पोरं बघा ना, बिचारी दगड धुतायत."

मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं. मुलींना सांगायची, आधी वाक्य शेवटपर्यंत वाचा, मग अर्थ लावा. ती सवय हाडात गेलेली. चष्मा आणला आणि तो दगड वाचला. तुमच्या आईचं नाव, त्याखाली जन्माचं वर्ष, मग एक आडवी रेघ, आणि रेघेच्या पुढे काहीच नाही. कोरा दगड.

"दुसरं साल नाही," मी म्हटलं.

"कोरायचं राहिलं असेल, ताई. ताजं आहे ना."

हे तिने किती साधेपणाने म्हटलं! आणि मला ते पटलं. तुमच्या आईचा आवाज मी बारा दिवसांत ऐकला नव्हता. फक्त इंग्रजी मेसेज: 'आई, प्रवासात आहे, नंतर बोलते.' मेसेज कुणीही लिहू शकतं. जावयाचा भाऊ लिहू शकतो, तुम्हीही लिहू शकता. बारा दिवसांत दगड तयार होतो का, याचा हिशेब मी करत बसले होते. स्वतःच्या मुलीच्या बाबतीत मी असा हिशेब केला, याचा मला अजून धक्का बसतो.

मी फोन लावला. वाजला, वाजला, थांबला. तुमच्या बाबांचा लावला, तो बंद. पुन्हा आईचा. माझे दीर आत आले आणि चपला न काढताच भिंतीशी उभे राहिले. मग त्यांनीही लावला. "लागून तर राहिला, पण उचलत नाही कोणी," असं ते दर वेळी म्हणत. त्याच वेळी ग्रुपवर मेसेज यायला लागले. 'ओम शांती.' 'ओम शांती.' हात जोडलेली चित्रं. माझ्या एका भाच्याने तर तुमच्या आईचा जुना फोटो फुलांच्या चौकटीत घालून, खाली तेवता दिवा लावून, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहून पाठवलं. फोटो तिच्या लग्नातला होता. ती त्यात हसत होती.

आजोबांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी आतून सगळं ऐकलं होतं. मी मागे गेले तर ते रस काढतच होते. टोपलीतले आंबे संपले होते. पिळून झालेल्या कोयी पुन्हा उचलून ते पिळत होते. मी पातेलं ओढून घेतलं, तरी त्यांचे हात तसेच चालू.

"तिला इकडे आणता येईल का?" एवढंच त्यांनी विचारलं.

त्या दीड-दोन तासांबद्दल आणखी लिहीत नाही.

सव्वाबाराला फोन आला. नातीबाई, तुला मध्यरात्री जाग आली आणि तू ग्रुप उघडून बघितलास, म्हणून आईला उठवलंस. हे मला नंतर कळलं. पलीकडून आवाज आला, "आई, मी आहे. अगं, मी आहे."

जाऊने फोन माझ्या हातातून ओढला. तिचा विश्वासच बसत नव्हता.

"कोण बोलतंय? खरंच तूच का? मग सांग, लहानपणी माझ्या घरी काय फोडलं होतं?"

"काकू, लोणच्याची बरणी. आणि मी नव्हती फोडली, तुमच्या लेकाने फोडली होती. मार मला बसला."

"हीच आहे!" जाऊ ओरडली. "ताई, हीच आहे! अजून भांडून राहिली!"

मग ती रडली, मी रडले, दीर चपला काढून खुर्चीवर बसले. जाऊने तो डबा मात्र घरात ठेवू दिला नाही. "मेल्या घरचं अन्न ते, इथे नको," म्हणत फडक्यासकट उचलून कोपऱ्यावरच्या गाईला घालून आली आणि आल्यावर पाय धुतले.

तुमची आई जिवंत आहे, हे कळल्यावर माझं समाधान व्हायला हवं होतं. झालं, पण अर्ध्या तासापुरतं. मग दुसरा धक्का हळूहळू चढत गेला. ती जिवंत आहे, आणि तो दगडही खरा आहे. तिने स्वतः तो करवून घेतला आहे.

संध्याकाळी, तुमच्या सकाळी, आपण व्हिडिओवर बोललो. तुमच्या आईने शांतपणे समजावलं. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी तिथे गेलेल्यांची आठवण म्हणून दगड धुतात, झेंडे लावतात. तिच्या अमेरिकन सासऱ्यांच्या पणजोबांनी त्या दफनभूमीत घराण्यासाठी जागा घेऊन ठेवली होती. गेल्या वर्षी सासरे, म्हणजे तुमचे तिकडचे आजोबा, गेले, दगड कोरणारा येणारच होता, तेव्हा जावयाने दोघांचीही नावं कोरून घेतली.

"इथे पुष्कळ लोक करतात, आई. मागे मुलांना धावपळ नको म्हणून."

"जिवंत माणसाचं नाव? दगडावर?"

"फक्त नाव आणि जन्मसाल."

"आणि ती रेघ," मी म्हटलं. "ती रेघ कशाची वाट बघतेय?"

मी सांगितलं, ते नाव खोडून काढ. ती म्हणाली, दगडावरचं खोडता येत नाही. मग विचारलं, तुला पुरणार? तर म्हणे, नाही, आपल्यासारखंच दहन, पण राख डब्यात घालून त्या दगडाखाली. राख पुरायची! नदीत सोडायची नाही, वाहू द्यायची नाही, माणसाला डब्यात घालून कायमचं एका जागी धरून ठेवायचं. आपल्या गावात कबरी काही कमी नाहीत. इथे तर एका बादशहाच्या बेगमेला पुरून, पुन्हा काढून, आग्र्याला नेलं. मी शाळेच्या सहलींना मुलींना हे सांगत हिंडले आहे. पण ती सगळी मेलेली माणसं होती, आणि त्यातलं कुणी माझं नव्हतं.

मग नातीबाई, तू उत्साहाने सांगायला लागलीस. ब्रश मऊच हवा, तारेचा चालत नाही. ब्लीच नाही, ॲसिड नाही, साधं पाणी. शेवाळं लाकडी काडीने हळूच काढायचं. जुन्या संगमरवरी दगडांवरची अक्षरं साखरेसारखी विरघळत चालली आहेत, म्हणून गावातले लोक ती वाचून वहीत उतरवून ठेवतात. लहान मुलांच्या दगडांवर कोकरू कोरलेलं असतं. पूर्वी गावात बागा नव्हत्या, तेव्हा लोक रविवारी डबे घेऊन तिथेच फिरायला जात.

"कबरींमध्ये बसून जेवत?" मी विचारलं.

"हो आजी. आम्ही पण सँडविच खाल्लं."

जाऊ मागे उभी होती. ती कपाळावर हात मारून आत निघून गेली.

मी पुन्हा म्हटलं की काही झालं तरी ते नाव जायला हवं. तेव्हा तुमच्या आईने विचारलं, "आई, तुझ्या आईला कुठे अग्नी दिला, ती जागा तू पाहिली आहेस?"

टोमणा नव्हता तो. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

नाही पाहिली. बायका घाटावर जात नसत. आम्ही दारात उभ्या राहिलो, तिरडी वळणावर दिसेनाशी झाली, आणि मागे वळून घर धुवायला लागलो. तिसऱ्या दिवशी भावाने अस्थी तापीत सोडल्या. कुठल्या घाटावर, हे मी त्याला कधी विचारलं नाही. आता तोही नाही. मी रोज तापीचं पाणी पिते आणि मला माझ्या आईची जागा ठाऊक नाही. आणि तुम्हाला तुमच्या खापरपणजीचा दगड कितव्या रांगेत आहे ते ठाऊक आहे, त्यावरचं शेवाळं तुम्ही काडीने काढता. मला तुमची पद्धत पटली नाही, पण आपलीही पूर्वीसारखी बिनबोभाट पटेना. त्या दिवसाचा हा तिसरा धक्का, आणि तो अजून उतरलेला नाही.

तरी एक गोष्ट मी सोडली नाही.

"ठीक आहे," मी तुम्हा दोघांना सांगितलं. "नाव जात नसेल तर नको जाऊ दे. पण पुढच्या वर्षी बाकीचे सगळे दगड धुवा, तुमच्या आईचा धुवू नका. त्या नावावर पाणी ओतायचं नाही. आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाने पाणी सोडतात, ती जिवंत आहे. तिथे शेवाळं वाढू दे. नाव झाकून जाऊ दे."

"आजी, शेवाळ्याने दगड खराब होतो," नातीबाई, तू म्हणालीस.

"होऊ दे."

"आणि तो ग्रॅनाइट आहे. त्यावर शेवाळं धरायला चाळीस-पन्नास वर्षं लागतील!"

"लागू देत," मी म्हटलं. "तेवढी तर मला तिच्यासाठी हवीच आहेत."

तुमची आई तेव्हा हसली नाही. उठून कॅमेऱ्याबाहेर गेली, आणि मला फक्त तुमच्या स्वयंपाकघराची भिंत दिसत होती. मग तिकडूनच तिचा आवाज आला, "बरं आई, नाही धुणार."