हरत्या संघाचा पाहुणा

परवा दुकानात एक म्हातारे गृहस्थ खांदेदुखीचं मलम मागायला आले आणि त्यांच्यासोबत गंधपुऱ्याचा वास आत शिरला. इथं परदेशात, हॉर्नबी उपनगरातल्या या औषधांच्या दुकानात मी इतकी वर्षं उभी आहे की असले वास नाकाला जाणवेनासे झालेत. पण हा वास घामात मुरलेला होता, उन्हात तापलेला होता. गृहस्थ मलम घेऊन, 'चीअर्स' म्हणून निघून गेले, तरी तो काउंटरपाशी रेंगाळत राहिला. आणि माझ्यासमोर आमच्या घराची मागची खोली उभी राहिली. खिडकीत वाळत घातलेला निळा शर्ट, दाराशी मातीनं माखलेले बूट, आणि आत पलंगाच्या कडेला बसलेला, माझी चाहूल लागताच हातातला फोन पालथा ठेवणारा तो.

चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. शहरात पहिल्यांदाच बेसबॉलचा व्यावसायिक संघ उभा राहिला होता. रग्बीवर जीव टाकणाऱ्या या लोकांना पगारी बेसबॉल म्हणजे एक नवलच होतं. संघातले काही खेळाडू परदेशातून यायचे होते आणि त्यांना एका उन्हाळ्यापुरती घरं हवी होती. नवऱ्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी विचारलं. सासूबाई नुकत्याच पुण्याला परत गेल्यामुळे मागची खोली रिकामी होती आणि लेक तर हट्टालाच पेटली. असा तो आमच्याकडे आला. कॅरिबियन समुद्रातल्या कुठल्याशा बेटावरचा, पस्तिशी ओलांडलेला, रुंद पाठीचा, हळू बोलणारा. संघाचा मुख्य पिचर, म्हणजे आपल्या हिशेबानं गोलंदाज. पहिल्या दिवशी आमटीची वाटी तोंडाला लावून त्यानं ती एका दमात संपवली आणि दुसरी मागितली. मला माणूस आवडला.

आणि मग संघ हरायला लागला. सुरुवातीला लोक हसण्यावारी नेत होते. नवा संघ आहे, रुळेल हळूहळू. पण पराभवांची एक तऱ्हा असते, आणि ही तऱ्हा नवऱ्याला ओळखीची वाटू लागली. आमची पिढी क्रिकेटवर वाढली. आणि ज्यांची चित्रं भिंतीवर लावली त्यांच्यातल्या काहींनी सामने विकले हे ऐन तारुण्यात ऐकलेली ती पिढी. नवऱ्यानं त्या दिवसांत आपल्या खोलीतलं एक चित्र काढून, घडी घालून रद्दीत दिलं होतं, असं सासूबाई सांगायच्या. तेव्हापासून कुठलाही झेल सुटला की तो आधी सोडणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघतो. आता तो आमच्या पाहुण्याच्या चेहऱ्याकडे बघू लागला. सामना हातातोंडाशी आला की याचे चेंडू हटकून बाहेर जात. समोरच्या फलंदाजाला चेंडू न मारताच पुढच्या टप्प्यावर चालत जायला मिळे, आणि हा चेंडू टाकायच्या मातीच्या उंचवट्यावर मान खाली घालून उभा राही. "बघितलंस?" नवरा माझ्या कानाशी म्हणे. "नेमकं आत्ताच कसं?"

संशयाचं असं असतं की तो एकदा घरात आला की त्याला सगळंच उपयोगी पडतं. पाहुणा बागेत लिंबाच्या झाडापाशी फिरत स्पॅनिशमध्ये फोनवर बोले आणि नवरा कपडे वाळत घालायला बाहेर गेला की गप्प होई. स्नानगृहात फार वेळ लावी. जेवताना पोळी डाव्या हातानं तोडायला लागला होता. मी मनात म्हटलं, यांच्यात चालत असेल. आम्ही त्याच्यासमोरच, त्याच्याबद्दल मराठीत बोलू लागलो. तो हसून आमच्याकडे बघे आणि भात वाढून घेई. फक्त लेक चिडायची. "ही इज जस्ट टायर्ड, आई. हीप्स ऑफ टीम्स लूज." तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं, आणि त्या उत्तरात आमच्यासारखं काही जुनं मुरलेलं नसतं.

एका शनिवारी मी रिकार्टन भागातल्या भारतीय दुकानात किराणा आणायला गेले होते. डाळींच्या पिशव्या गाडीत ठेवताना समोरच्या रांगेत तो दिसला. एका अनोळखी माणसाच्या गाडीत, पुढच्या सीटवर. त्या माणसानं त्याला कागदात गुंडाळलेलं काहीतरी दिलं, यानं ते पटकन जॅकेटमध्ये सरकवलं आणि आजूबाजूला बघितलं. मी खाली वाकले. आपल्याच पाहुण्यापासून आपण डाळीच्या पिशवीआड का लपतोय, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. त्या दुकानाचे मालक थोड्या वेळापूर्वीच गल्ल्यावरून म्हणाले होते, "ताई, तुमचा प्लेअर मुद्दाम हरतो म्हणतात सगळे." घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं. त्यानं नुसती मान हलवली. बरेच दिवस ज्याची वाट बघत होता ते हाती आल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी दुपारी, नॉर्वेस्टर म्हणतात तो इथला कोरडा, गरम वारा कुंपणाच्या फळ्या खडखडवत असताना, नवऱ्यानं त्याला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं आणि सरळच विचारलं, "तू मुद्दाम हरतोस का? कुणी सांगतं का तुला?"

 तो आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला, "तुमचा एक शब्द मला येतो. 'हरला'. मी दारातून आत आलो की तुम्ही तो म्हणता."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. तो उठला आणि डाव्या हातानं, फार सावकाश, शर्ट काढला. उजव्या खांद्यावरून पाठीपर्यंत पट्ट्या बांधलेल्या होत्या. त्यानं तो हात वर उचलून दाखवला. छातीच्या रेषेपर्यंत आला आणि तिथं थरथरत थांबला. गाडीतला माणूस त्याच्याच बेटावरचा होता, इथून दोन तासांवर गाईंच्या फार्मवर कामाला. त्या माणसाच्या वडिलांचा तिकडे हाडं बसवायचा पिढीजात धंदा, म्हणून तो दर आठवड्याला गुपचूप येऊन पट्ट्या आणि घरचा लेप देऊन जात होता. "क्लबला कळलं तर पुढच्या विमानानं परत पाठवतील," पाहुणा म्हणाला. "या वयात परत गेलेल्याला पुन्हा कुणी बोलावत नाही. मला दुसरं काही येत नाही." मी त्याला म्हटलं, स्कॅन करून घे, मी उद्याच ओळखीच्या डॉक्टरांशी बोलते. त्यानं हात जोडले. आमच्याकडे येऊन शिकला होता ते. "कुणाला सांगू नका."

आम्ही कुणाला सांगितलं नाही. त्याच्या खोलीचं दार लागल्यावर मला वाटलं, आता घरातली हवा मोकळी होईल. पण नवरा भांडी विसळता विसळता म्हणाला, "खांदा दुखतोय हे खरं. पण ज्याचा खांदा गेलाय, त्याला विकत घेणं जास्त सोपं नाही का?"  मला राग आला तो नवऱ्याचा नाही, त्या वाक्यात तथ्य असू शकतं याचा.

शेवटचा सामना शहरातच होता. स्टँड जवळजवळ रिकामा, माणसं केवळ सवयीनं आलेली. आणि तो त्या दिवशी वेगळाच माणूस होऊन मैदानात उतरला. हात चाबकासारखा फिरत होता. समोरचे फलंदाज एकामागून एक, बॅट हवेत फिरवून, मान हलवत परत जात होते. आमच्या पुढच्या रांगेतले दोघे रग्बीवाले बघता बघता उभे राहिले. लेक तर ओरडून ओरडून घसा बसवून घेत होती. संघ जिंकला. सगळे त्याच्या अंगावर पडले. मी टाळ्या वाजवत वळून बघितलं तर नवरा हाताची घडी घालून बसला होता. "मग इतके दिवस काय झालं होतं?" तो हळूच म्हणाला. जिंकणंसुद्धा असं पुरावा होऊ शकतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

त्याच आठवड्यात आम्ही त्याला विमानतळावर सोडायला गेलो. सामान वजनाला ठेवायची वेळ आली तेव्हा त्यानं बॅग गुडघ्यानं रेटत, डाव्या हातानं उचलायला घेतली. ती कलंडली, आणि सवयीनं त्याचा उजवा हात पुढे गेला. तोंडून आवाज निघाला नाही, पण चेहरा राखेसारखा झाला. रांगेतले लोक बघत होते. नवरा पुढे झाला, बॅग उचलून पट्ट्यावर ठेवली, मग त्याची खांद्यावरची पिशवीही काढून आपल्या खांद्यावर घेतली.

"त्या दिवशी इंजेक्शन घेतलं होतं," तो म्हणाला. "काहीच दुखत नव्हतं. शेवटचा सामना होता, आता खांदा वाचवून काय करायचं?"

तपासणीच्या दारापर्यंत नवरा ती पिशवी घेऊन त्याच्यासोबत चालत गेला. दोघं काही बोलले का, मला ऐकू आलं नाही. पिशवी परत देताना नवऱ्यानं ती नीट त्याच्या डाव्या खांद्यावर अडकवली, पट्टा दोनदा सारखा केला, एवढं मात्र दिसलं. लेक रडत होती.  परतीच्या वाटेवर एका सिग्नलला थांबलेलो असताना नवरा समोर बघतच म्हणाला, "इंजेक्शन दिलं कुणी असेल? क्लबच्याच डॉक्टरनं ना? म्हणजे त्यांना खांद्याचं ठाऊक होतं." या वेळी त्याच्या आवाजात जय मिळवल्याचा सूर नव्हता. पण विचारायचं कुणाला? हिवाळा यायच्या आत संघ बंद झाला, क्लबच्या ऑफिसच्या दारावरची पाटी उतरली, फोन लागेनासा झाला.

मला वाटतं, विश्वास एकदा गेला की तो ज्यांनी घालवला त्यांच्यापाशी कधीच भरपाई मागत नाही. तो कुणातरी भलत्याच माणसाच्या चेहऱ्यावर आपली तूट शोधत राहतो. आमच्या पाहुण्यानं आमचं काहीही घेतलं नव्हतं. तरी तो एका परक्या घरात, परक्या भाषेत, स्वतःवरचा खटला ऐकत, हसत भात वाढून घेत राहिला. हे आठवलं की मला त्याच्या खांद्यापेक्षा ते हसू जास्त दुखतं.

गेल्या रविवारी सहज त्या मैदानावरून चालत आले. मातीचा उंचवटा अलीकडेच सपाट करून तिथं गवत पेरलंय. ते अजून आजूबाजूच्या गवतात नीटसं मिसळलेलं नाही, जरा जास्तच हिरवं दिसतं. मुलं त्यावरून बिनधास्त पळत होती. एक-दोन वर्षांत मिसळेलही. मग मी कुणाला सांगायला गेले की इथं एके काळी बेसबॉलचा संघ होता, आणि एका दुपारी तो जिंकलासुद्धा होता, तर ऐकणारा माझ्याकडेच संशयानं बघेल.