उपाशी बाटलीतली साखर

दीपमाला यवतमाळकडची. विश्रांतवाडीतल्या माझ्या फ्लॅटची मागची खोली तिने भाड्याने घेतली आहे. ती यीस्टवर पीएच.डी. करते. यीस्ट म्हणजे पावात घालतात तेच. त्याच्या पायी कोणी केस पिकवावेत असं त्यात काही असेल, हे मला ठाऊक नव्हतं.

काम तिने मला ओट्याशी उभं राहून समजावलं. काही पेशी पोटभर गोड खायला घालून वाढवायच्या, काही नुसत्या पाण्यात उपाशी ठेवायच्या, मग दोन्हींवर अतिनील दिव्याचा प्रकाश सोडायचा.

"उपाशी असतात त्या तगतात, काकू. खाऊनपिऊन वाढलेल्या पटापट मरतात."

मला हे मुळीच पटलं नाही. लोकांना आग्रहाने वाढणं ही माझी एकमेव कर्तबगारी. माझा मुलगा रविराज साजूक तुपावर वाढला. आता खराडीच्या ऑफिसात एसीने त्याला रोज शिंका येतात, पण ती चूक मी एसीचीच धरत आले आहे. दीपमाला मात्र चहा-बिस्किटांवर दिवस काढते आणि तिला साधी सर्दी होत नाही.

मागच्या महिन्यात दुरुस्तीसाठी त्यांच्या प्रयोगशाळेची वीज शनिवार-रविवार बंद होती. दीपमालाने दोन बाटल्या घरी आणल्या आणि ओट्याच्या कोपऱ्यात ठेवल्या. माझा गोंधळ नको म्हणून वर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'जेवलेल्या' आणि 'उपाशी'.

"सोमवारी दिव्याखाली ठेवायच्या आहेत. ह्या खेपेला फरक नाही दिसला तर आमच्या गाइड मॅडम विषय बदलवणार. दोन वर्षं पाण्यात जातील. हात नका लावू जी."

शनिवारी मी हात लावला नाही. रविवारी देवाला नैवेद्य दाखवून पानावर बसले, तर समोर ती बाटली. 'उपाशी'. माझ्या स्वयंपाकघरात! घास उतरेना. उठले, चिमूटभर साखर आत सोडली, झाकण लावून हलवली आणि मग पोटभर जेवले.

रात्री डायरी लिहिली. मी दूध नासलं तरी लिहून ठेवते. पण सत्कृत्याची नोंद करू नये असं कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी शिकवलेलं, म्हणून फक्त भाजीचं नाव लिहिलं.

बुधवारी दीपमाला आली ती चपलांसकट खुर्चीत बसली.

"संपलं, काकू. उपाशीवाल्याही मेल्या. सगळ्या सारख्याच."

"एवढ्याशा साखरेने कोणी मरतं का?" मी म्हणाले.

तिने मान वर केली. "कोणती साखर?"

मी ओट्यावरच्या साखरेच्या डब्याकडे बोट दाखवलं.

"काहून टाकली, काकू?"

"अगं, उपाशी होत्या."

"बाप्पा! त्या उपाशी ठेवायच्याच होत्या ना!" ती खोलीत गेली आणि दार लागलं. मी ताट वाढून दाराशी उभी राहिले आणि पहिल्यांदाच 'जेवून घे' म्हणायची छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर रिक्षात बसून मॅडमकडे गेले आणि सगळं सांगितलं. वाटलं, ओरडतील.

"आपण किती साखर घातलीत?"

"चिमूटभर."

"आपली चिमूट म्हणजे किती?"

जन्मभर त्या चिमटीवर स्वयंपाक केला, पण हे मला कोणी विचारलं नव्हतं. मॅडमनी वजनकाटा पुढे सरकवला. मी त्यावर चिमूट सोडली. बहुधा थोडी जास्तच पडली.

आकडा पाहून त्या दीपमालाकडे वळल्या. "आता तीन बाटल्या धर. जेवलेल्या, उपाशी, आणि उपाशी ठेवून ऐनवेळी साखर दिलेल्या. एका रात्रीत त्यांचा कणखरपणा जातो का, तेही बघू. विषय तोच राहील." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि बाटल्या इथेच राहतील."

या खेपेला उपाशी पेशी तगल्या. प्रयोग पक्का व्हावा म्हणून दीपमाला तो पुन्हा पुन्हा करते. तिसऱ्या बाटलीवर तिने 'काकू' असं लिहिलं आहे.

"आज काय झालं गं?" संध्याकाळी मी विचारते.

"काकूवाल्या पुन्हा मेल्या," ती हसून सांगते आणि ताटावर बसते.

"बरं झालं," मी म्हणते, आणि तिला न विचारता आणखी एक पोळी वाढते.